वाघ मेल्याशिवाय पाणी नाही

शेषरावांनी चौतीस वर्षं कारखान्यात भट्टीचं लॉगबुक लिहिलं. वेळ, काम, कोणी केलं, आणि काही आक्रीत घडलंच तर शेवटच्या अरुंद रकान्यात रिमार्क. निवृत्तीनंतर ते मुलांसाठी शूर स्त्रियांची चरित्रं लिहायला बसले, तेव्हा हाताने सवयीने तेच चार रकाने आखले. राणी दुर्गावतीचं आयुष्य वाचताना वाटायचं, बाईची तीन शिफ्टमध्ये ड्युटी लागली होती.

कारखान्याजवळच्या मरोदा वस्तीतल्या मराठी मंडळात रविवारी सकाळी ते हे वाचून दाखवत. पहिल्या रविवारी एकवीस मुलं आली. दुसऱ्या रविवारी नऊ, त्यातली दोन झोपलेली. मंडळाच्या सिंधुताईंनी कपाटामागचा कॅरम काढून, पुसून भिंतीला टेकवला.

"शेषरावजी, पुढच्या खेपेलेही पोरं पळाले, तं हा तास कॅरमले देऊन टाकू. वाईट नका वाटून घेऊ."

"छे छे, वाईट कसलं?" शेषराव म्हणाले, आणि घरी येऊन जेवले नाहीत.

शनिवारी त्यांची दहा वर्षांची नात भूमिका स्मृती नगरहून आली. तिने वही उघडली.

"आबा, हे तुमी गोष्ट लिहून राहिले का हाजिरी घेऊन राहिले?"

तिचं बोट घसरत शेवटच्या रकान्यावर आलं. "वाघ दिसल्याची खबर आली, की राणी त्याला मारेपर्यंत पाणी पीत नसे. हे इथं कोपऱ्यात कावून लपवलं?"

"लपवलं नाही गं. जुन्या ग्रंथात आहे, मनचं नाही. पण ते कामात येत नाही ना, म्हणून रिमार्कमध्ये टाकलं."

"पर आबा, मजा तो पूरी रिमार्क में है!"

रविवारी मंडळात शेषरावांनी चष्मा सावरून वही उघडली. पहिल्या तिन्ही रकान्यांवर पुस्तकाला घालायचा खाकी कागद डिंकाने चिकटवलेला होता. पानोपान. उघडा होता तो फक्त रिमार्क. मागच्या रांगेत भूमिका पंख्याकडे बघत बसली होती.

कागदाशिवाय बोलणं शेषरावांना जमत नसे. निरोप समारंभातही ते 'नमस्कार' म्हणून खाली बसले होते. म्हणून आता समोर जे दिसत होतं, तेच त्यांनी वाचलं.

"अन् वाघ भेटलाच नाही तं?" राहुल नावाच्या पोराने विचारलं.

"मग तहान."

"किती दिवस?"

"नोंद नाही."

पोरं खिदळली. शेषरावांनी घाबरून पान उलटलं. शेवटचा रिमार्क होता: लढाईत बाण लागला. तिने तो स्वतःच उपसून काढला. हत्तीवरचा माणूस म्हणाला, मागे फिरू. ती फिरली नाही.

आज कोणी झोपलं नव्हतं.

पण एप्रिलचं ऊन. सिंधुताई पाण्याचा जग आणि पेले घेऊन आल्या, तर एकही हात पुढे येईना.

"आमी नाही पीत," राहुल म्हणाला. "वाघ अजून जिता हाय."

"हो!" सगळी ओरडली. भूमिका सगळ्यांत मोठ्याने.

"शेषरावजी! पोरं पाणी पिऊन नाही राहिले! एखाद्याले चक्कर आली तं यायच्या मायांना मी काय सांगू? कॅरमवर कोणाले चक्कर येत नाही!"

हे कोणत्या रकान्यात बसतं, असं शेषरावांना क्षणभर वाटलं. मग त्यांनी चष्मा काढून खिशात घातला आणि सतरंजीवर गुडघे टेकले, हात टेकले.

"खर्र," ते म्हणाले.

"आबा, हा वाघ हाय का खोकला?"

मग शेषराव खरोखर ओरडले. चौतीस वर्षं भट्टीच्या आवाजात कोणाला ऐकू न गेलेला तो आवाज निघाला, आणि खिडकीतला कावळा उडाला. गुंडाळलेल्या कागदांचे बाण घेऊन पोरं तुटून पडली. वाघाने दोनदा पलटी मारली, कॅरमपाशी जाऊन धाडकन पाय ताणले आणि मान टाकली.

"अगं बाई! शेषरावजी, लागलं का? उठा ना."

"मेलेलं जनावर उठत नसते, सिंधुताई," वाघ डोळे मिटूनच पुटपुटला. "आधी पोरायले पाणी द्या."

जग तीनदा भरावा लागला. मग सिंधुताईंनी वाघाच्या उशाचा कॅरम उचलला आणि पुन्हा कपाटामागे सरकवला.