चढावर दम खाणारी गाडी

एसेताची गाडी पहिल्यांदा गॅरेजच्या दारात आली तेव्हा लेइतूने तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. गाडीकडेही नाही आणि एसेताकडेही नाही. जपानहून बोटीतून आलेली, वीस वर्षं वापरलेली, तोळ्यामाशाने पेट्रोल पिणारी फिकट निळी छोटी गाडी. सामोआच्या राजधानीत, आपियात, अशा गाड्या पैशाला पासरी. आणि एसेता म्हणजे पाद्रीबाबांची बहीण. चार वर्षं ऑकलंडला राहून परत आलेली, अडतिशी गाठली तरी लग्न न झालेली, डोंगरापलीकडच्या शाळेत गणित शिकवणारी. दिसायला म्हणाल तर बेताची. लेइतूचं चुकलं ते इथेच. देखण्या बायकांवर तिची बारीक नजर असायची, बेताच्या बायकांना ती सोडून द्यायची.

गाडीचं दुखणं असं, की गावात ती शहाण्यासारखी चालायची. डोंगराचा चढ लागला आणि अर्धा तास झाला, की धबधब्याच्या वळणाच्या आसपास तिचा दम जायचा. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबावा तर नुसती गुरगुर, ओढ म्हणून नाही. मागचे ट्रक भोंगे वाजवत पुढे निघून जायचे. बाजूला घेऊन वीस-पंचवीस मिनिटं उभी ठेवली, की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू. आणि गॅरेजमध्ये आणावी तर खोड दाखवायलाच तयार नाही. पाहुणे आले की व्रात्य पोर गुणी होऊन बसतं, त्यातली गत.

लेइतूचा नवरा पेसामिनो म्हणाला, हे दुखणं रस्त्यावरच पकडायला हवं. बाईंना शनिवारी शाळेला सुट्टी असते, तेव्हा दोघं डोंगरावर जाऊन बघतील. म्हणण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. लेइतूने त्या शनिवारी दोघांसाठी नारळाच्या दुधातले पाव बांधून दिले. स्वतःच्या हाताने दिले, हे तिला पुढे फार दिवस डाचत राहिलं.

पहिल्या शनिवारनंतर त्याने प्लग बदलले. दुसऱ्या शनिवारनंतर पेट्रोलचा फिल्टर. मग कॉइल. मग कुणाकडून तरी तपासायचं यंत्र मागून आणून जोडलं. ते म्हणालं, गाडी ठणठणीत आहे. दर वेळी पेसामिनो मान हलवायचा आणि म्हणायचा, "पुढच्या शनिवारी परत बघावी लागेल." हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर हरलेल्या मेकॅनिकची कळा नसायची. घरात दिवसाला मोजून वीस शब्द बोलणारा हा माणूस, पण डोंगरावरून आला की दुपारभर गुणगुणत राहायचा. तिसऱ्या शनिवारी त्याने दाढी केली. चौथ्या शनिवारी चर्चला घालायचा इस्त्रीचा शर्ट चढवला. गाडीखाली उताणं पडायला निघालेला माणूस इस्त्रीचा शर्ट घालतो का?

लेइतू जळत होती, यात लपवण्यासारखं काही नाही. गॅरेजशेजारच्या आपल्या दुकानात साबण देताना जळत होती, चर्चमध्ये गाताना जळत होती. समोरच्या बाकावर एसेताची वेणी दिसली की तिला स्वतःचे पांढरे होऊ लागलेले केस आठवायचे. पाद्रीबाबांच्या घरची म्हणून गावात तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं, पण शेजारच्या पेनिनामावशीला कोण अडवणार? तिने एकदा कपडे वाळत घालता घालता कुंपणावरून विचारलं, "काय गं लेइतू, त्या गाडीत इंजिन आहे हे तरी सापडलं का तुझ्या नवऱ्याला?" आणि स्वतःच पोट धरून हसली. लेइतूही हसली. हसावं लागतं.

पण सगळ्यात जास्त लागलं ते निराळंच. हे गॅरेज लेइतूच्या बापाचं. बापाच्या दोन बस होत्या आणि लेइतू त्यांच्याखालीच वाढलेली. पेसामिनो त्यातल्या एका बसवर ड्रायव्हर म्हणून लागला तेव्हा त्याला पान्याचे आकडेही कळत नव्हते. जे काही शिकला ते तिच्याकडून. पुढे दोन मुलगे झाले, शेजारी दुकान घातलं, आणि तिच्या हातातले पाने सुटले. मुलगे आता सिडनीला आहेत. पण एखादी गाडी अडली की पेसामिनो दुकानाच्या खिडकीशी यायचा आणि म्हणायचा, "जरा येऊन ऐक गं." सव्वीस वर्षं हे चाललेलं. या गाडीसाठी तो खिडकीशी एकदाही आला नव्हता.

पाचव्या आठवड्यातल्या शुक्रवारची गोष्ट. दुसऱ्या दिवशी डोंगरावर जायचं म्हणून एसेताने शाळेतून थेट येऊन गाडी लावली. पेसामिनो धक्क्यावर सामान सोडवायला गेलेला. एसेता घामाघूम झाली होती. लेइतूने तिला शहाळं दिलं. देणं भाग होतं. शहाळ्याबरोबर टोमणाही दिला.

"बाई, तुमची गाडी माझा नवरा शेजारी असला तरच दमते, की एकट्या असलात तरी?"

एसेताला टोमणा कळला नाही, किंवा कळून न कळल्यासारखं तिने केलं. म्हणाली, "रोजच दमते हो, ताई. या मंगळवारी पहिला तास बुडाला माझा. हेडमास्तर म्हणाले, तिसऱ्यांदा असं झालं तर दुसरी शिक्षिका बघावी लागेल. आत्तासुद्धा वळणावर वीस मिनिटं काढली." मग म्हणाली, टाकी रिकामी होत आली आहे, पेसामिनोला भरून ठेवायला सांगा.

दुकानात कॅनमधलं पेट्रोल होतंच. लेइतू म्हणाली, मीच भरते की. त्यावर एसेता जरा चाचरली. "त्यांनी सांगितलंय, टाकीचं झाकण कुणी उघडायचं नाही. पंपावरसुद्धा नाही. कचरा जाईल म्हणून तेच भरतात."

लेइतूच्या मनात पाल चुकचुकली. पण तोवर तिचा हात झाकणावर गेला होता. झाकण फिरवलं मात्र, आणि टाकीने हवा आत ओढून घेतली. मोठ्याने, लांबलचक, पाण्यातून वर आलेला माणूस ओढतो तशी.

एसेता एवढं बोलून पायवाटेने घराकडे निघाली होती. लेइतू कॅन हातात धरून तशीच उभी राहिली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

टाकीतलं पेट्रोल जसजसं संपतं तसतशी त्या जागी हवा जावी लागते. ती जायची वाट बुजली, तर टाकी आतून पेट्रोल धरून ठेवते, इंजिन उपाशी राहतं आणि चढावर दम टाकतं. थांबून राहिलं की कुठून तरी झिरपत हवा आत शिरते आणि गाडी पुन्हा चालू. प्लग बदला, नाहीतर सोन्याचे बसवा, काही उपयोग नाही. बापाची बस याच डोंगरावर, याच दुखण्याने रोज बसायची. एके दिवशी लेइतू बसबरोबर गेली, माथ्यावर तिने नव्या ड्रायव्हरला बोलावलं, त्याचा कान टाकीशी नेला आणि झाकण फिरवलं. "ऐक," म्हणाली. त्या ड्रायव्हरने नंतर लग्नात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की टाकीला कान लावला त्याच दिवशी मी ठरवलं.

म्हणजे पेसामिनोला हे दुखणं माहीत नसणं शक्य नव्हतं. आणि तरी लेइतूने त्या संध्याकाळी स्वतःची समजूत घातली, की विसरला असेल. नव्या गाड्या, नवी यंत्रं, माणूस जुनं विसरतो. झाकण उघडू नका म्हणाला ते खरंच कचऱ्यासाठी असेल. बाकीच्या बायका नवरा हुशार निघावा म्हणून देवाला साकडं घालतात. लेइतू जेवणाआधीच्या प्रार्थनेत हात जोडून मागत होती, की माझा नवरा अडाणी निघू दे.

तो चर्चच्या गायकमंडळींच्या तालमीला गेला तशी ती गाडीखाली शिरली. किती वर्षांनी पाठीला गॅरेजची जमीन लागत होती. टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारीण माशीने घर केलं होतं, मातीचं, पक्कं लिंपलेलं. तारेने टोकरून टोकरून तिने नळी मोकळी केली. झाकणातली हवा घ्यायची फट गंजली होती, तीही साफ केली आणि टाकीत कॅनमधलं पेट्रोल ओतलं. तालीम संपायच्या आत ती हात धुऊन गंभीर चेहरा करून दुकानात बसली होती.

शनिवारी उजाडता उजाडता, पेसामिनो झोपलेला असताना, तिने गाडी काढली. डोंगर चढली, पलीकडे किनाऱ्यापर्यंत उतरली आणि वळवून पुन्हा चढली. धबधब्याच्या वळणावर तिने मुद्दाम पाय आणखी दाबला. गाडी निमूट ओढत राहिली, वर, अजून वर, एकदाही कुरकुर नाही. लेइतूला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्याने हसली. आपले हात अजून विसरले नव्हते. परत येऊन तिने गाडी होती तिथेच लावली आणि चुलीवर कोको चढवला.

नवरा उठल्यावर सांगायचं, असंच तिने ठरवलं होतं. शब्दही जुळवले होते. पण पेसामिनो आरशासमोर उभा राहिला, दाढी केली, मग बाटलीतलं खोबरेल घेऊन केसांना लावलं. लेइतू दारातून पाहत होती. जुळवलेले शब्द तसेच ठेवून ती चुलीकडे वळली. गाडीची परीक्षा झाली होती; आता नवऱ्याची होऊन जाऊ दे.

नऊला एसेता आली आणि दोघं गेली. वळणापर्यंत जाऊन-येऊन सव्वा तासाचा रस्ता. तोही सावकाश गेलं तर. साडेदहाला लेइतूने रस्त्याकडे पाहिलं. अकराला पाहिलं. पेनिनामावशीही कुंपणाशी येऊन रस्त्याकडे बघून गेली. बाराला लेइतूने तारोचे कंद उकडायला टाकले. एकला गाडी आली. एसेता दुरूनच हात हलवून घरी गेली आणि पेसामिनो हात धुऊन चटईवर बसला.

लेइतूने वाढलं. तारो, नारळाच्या दुधात शिजलेली पानं, डब्यातलं मांस. आणि त्याच्यासमोर बसून माश्या वारायला पंखा हातात घेतला, जशी रोज घ्यायची.

"काय झालं?" तिने विचारलं.

"बसली परत," तो म्हणाला. "वळणाच्या जरा अलीकडेच. आज तर फारच. मागे एक ट्रक होता, त्याला हात दाखवून पुढे काढावं लागलं. दोन-अडीच तास उभे होतो. बहुतेक पंप जातोय. पुढच्या शनिवारी परत बघावी लागेल."

खोटं बोलणारा माणूस ट्रकसुद्धा सोडत नाही. लेइतूचा पंखा चालूच राहिला.

"नळी मी काल मोकळी केली," ती म्हणाली. "माती होती आत. आणि आज सकाळी मी तीच गाडी दोनदा डोंगरावरून नेली."

पेसामिनोच्या हातातला तारो ताटात परत गेला. तो नाही म्हणेल, उलट ओरडेल, माझ्यावर नजर ठेवतेस का म्हणून विचारेल, या सगळ्याला लेइतूने सकाळपासून उत्तरं जुळवून ठेवली होती.

"मला पहिल्याच शनिवारी कळलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "झाकण उघडलं तेव्हाच."

"आणि आज?"

"आज मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलून घेतला."

पंखा थांबला. ताटावर माशी बसली, ती कुणी हाकलली नाही. लेइतूच्या डोळ्यांसमोर दोघं आली, वळणावरची, एकमेकांकडे बघून हसणारी, दोघांनी मिळून केलेल्या नाटकावर खूश झालेली.

"आणि ती? काय म्हणाली ती?"

"ती रडली," पेसामिनो म्हणाला. "तिला काय माहीत? तिला वाटतं, गाडी खरंच बिघडते. सोमवारी शाळेला कशी पोचू म्हणून रडत होती. मी समजूत घालत बसलो."

पाच आठवडे लेइतूने एसेताला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. वेणीला घातल्या, ऑकलंडला घातल्या, शहाळं देता देता घातल्या. आता तेवढीही सोय राहिली नाही. राग करायला घरात एकच माणूस उरला होता, आणि तो समोर मान खाली घालून बसला होता.