पलीकडच्या वर्गातली माती

माझ्या बायकोसमोर, वर्लेनसमोर, हल्ली कुणी नुसतं 'नेब्रास्का' म्हटलं तरी तिच्या नाकाला मिरच्या झोंबतात. एरवी बाई साधी आहे. चौथीच्या पोरांना आपलं कॅन्सस राज्य शिकवण्यात तिचा जन्म गेला. बँकेत, गॅरेजात, चर्चच्या दारात जो भेटेल तो कधीकाळी तिच्या वर्गात पीठ-मिठाचा नकाशा करून गेलेला. मैदा, मीठ, पाणी मळायचं, पुठ्ठ्यावर थापायचं, पश्चिमेची जमीन उंच म्हणून तिकडे जाड आणि पूर्वेला पातळ. ईशान्येचा कोपरा मात्र मिसूरी नदीने कुरतडलेला. त्या कोपऱ्याशी आलं की वर्लेन दरवर्षी तेच सांगते, "सरळ रेघा माणसांनी मारल्या, वाकडी नदीने मारली. कुणाची जास्त शोभते ते तुम्हीच बघा." मी झोपेतही हे म्हणून दाखवीन.

या वर्षी आमची नात टिली चौथीत गेली, आणि या वर्षाची वाट वर्लेन तिच्या बारशापासून बघत होती. कारण जानेवारीतला कॅन्सस दिन. चौथीची मुलं त्या दिवशी राज्याची चिन्हं होऊन स्टेजवर येतात. कुणी सूर्यफूल, कुणी बायसन, कुणी कासव. सगळ्यांत मानाचं काम राज्यपक्ष्याचं, म्हणजे मेडोलार्कचं. त्याचं पिवळं जाकीट वर्लेनने स्वतः शिवलंय, छातीवर काळा पट्टा लावून. उन्हाळ्यातच तिने ते उसवून टिलीच्या मापाचं करून ठेवलं.

ऑगस्टात शाळा उघडली आणि चौथीच्या दोन तुकड्या झाल्या. मुख्याध्यापक म्हणाले, आजीच्या वर्गात नात नको, लोक बोलतात. टिली गेली पलीकडच्या वर्गात, मिस कुचेराकडे. पोरगी नवीन, उत्साही, आणि शेजारच्या राज्याची, नेब्रास्काची.

"नेब्रास्काची!" वर्लेन भांडी विसळता विसळता म्हणाली. "कॅन्सस शिकवायला! उद्या मांजराला सांगतील, पिल्लांना भुंकायला शिकव!"

मी नाक वर करून हुंगलं. "वर्लेन, काहीतरी जळतंय का गं?"

"ओव्हन बघ बरं," ती घाईने म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं आणि ओलं फडकं माझ्या तोंडावर बसलं.

तेव्हापासून मला खेळच मिळाला. टिली दर शनिवारी आमच्याकडे शेतावर येते. मी तिचा ओपा, वर्लेन तिची ओमा. आमचे जर्मन वाडवडील रशियातल्या व्होल्गा नदीकाठून आले तेव्हा गव्हाच्या बियाण्याबरोबर हे शब्दही घेऊन आले. तर टिली यायची, कोट काढायची आणि सुरू व्हायची.

"ओमा, मिस कुचेरा म्हणतात, मेडोलार्क एकट्या कॅन्ससचा नाहीये. नेब्रास्काचा राज्यपक्षी पण तोच. शिवाय आणखी चार राज्यांचा."

"त्यांनी आपलं बघून घेतला," वर्लेन म्हणाली. "आपल्या शाळांतल्या मुलांनी मतं देऊन निवडलेला पक्षी आहे तो."

"आणि चिलीच्या तिखट रश्श्याबरोबर गोड सिनॅमन रोल त्यांच्या पण शाळेत देतात."

"तेही आपलंच!"

"मिस कुचेरा म्हणतात, त्यांचं."

वर्लेनने सिनॅमन रोलची थाळी टिलीसमोर इतक्या जोरात ठेवली की वरची साखर टेबलभर झाली. मी हुंगायला नाक उचललं तर तिने नुसतं बोट दाखवलं. टिली गेल्यावर मात्र म्हणालो, "सवत बरी मिळाली हं तुला."

या वेळी फडकं आलं नाही. ती टेबलावरची साखर तळहाताने गोळा करत होती. "हस तू," ती म्हणाली. "अख्ख्या गावाची पोरं मी शिकवली. माझीच पोर मला काही विचारत नाही रे. एकदाही नाही. सगळं तिकडून शिकून येते आणि मला सांगते. मला जळायला होतं, जा. होतं म्हणजे होतं."

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मनात म्हटलं, म्हातारपणी बायका काय लहान होतात! माझं असं कधी झालं नसतं.

जानेवारीच्या एका शनिवारी वर्लेन चर्चच्या कामाला गेली होती. टिली माझ्या बाहीला धरून म्हणाली, "ओपा, मला माती पाहिजे. आपल्या शेतातली."

"बाहेर दगड झालाय जमिनीचा. कशाला गं?"

"मी कॅन्सस दिनाला राज्यमाती आहे. हार्नी पोयटा. मीच मागून घेतली. बाकी सगळ्यांना बायसन व्हायचंय."

मला इतका आनंद झाला की पहार घेऊन मी स्वतः बाहेर पडलो. गंजीच्या आडोशाला जरा कमी गोठलं होतं, तिथून वरच्या काळ्या थराचं ढेकूळ काढलं आणि वर्लेनच्या स्वच्छ टेबलावर, तिला कळलं असतं तर जीवच गेला असता, पाणी शिंपडून मळलं.

"हे बघ. सुकी असली की हाताला पिठासारखी लागते. ओली करायची, अंगठ्याने बोटावर दाबत पुढे ढकलायची. फीत निघते. ही फीत लगेच मोडली, म्हणजे पोयटा. मोडायचं नाव घेत नसेल तर चिकण. काय समजलीस?"

"समजले."

"वर काळी. खाली खणलं की चिकण. त्याच्या खाली पांढरी, चुनखडीची. आपला गहू या तिघींच्या जिवावर. काय समजलीस?"

तिने फीत काढली, मोडली, पुन्हा काढली. जेवायची वेळ झाली तरी उठेना. शेतात आयुष्य गेलं, पण माझ्याकडे काही शिकायला आली ती ही पहिलीच. मुलाला शेतीचं कधी वेडच नव्हतं.

हात धुताना टिली म्हणाली, "मिस कुचेरांनी सांगितलंय, शेवटी प्रत्येकाने सांगायचं, हे मला कुणी शिकवलं. मी कुणाचं नाव घेऊ?"

मी टॉवेलला हात पुसले. मोठेपणा अंगात आला. "माझं काय एवढं? ओमाचं घे. तिला बरं वाटेल." आणि मनात म्हटलं, पोर थोडीच खोटं बोलणार आहे!

रंगीत तालीम झाली त्या दिवशी वर्लेन तणतणत घरी आली. "माती! मेडोलार्क नाही, सूर्यफूल नाही, साधं कासवसुद्धा नाही. माझ्या नातीची अक्षरशः माती केली त्या बाईने! माती मी एका ओळीत उरकते!"

"म्हणून तर दुसऱ्याला वाव मिळाला," मी म्हणालो आणि फडक्याच्या टप्प्याबाहेर गेलो.

कॅन्सस दिनाला मी इस्त्रीचा शर्ट घातला. शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी दुसऱ्या रांगेत बसलो, शेजारी माझा जुना मित्र डेलबर्ट. आधी वर्लेनचा वर्ग झाला. तिचा मेडोलार्क अंगाने दांडगा होता. जाकीट टिलीच्या मापाचं, म्हणून मागे पिना लावलेल्या. शीळ घालायला त्याने छाती फुगवली आणि एक पिन उडाली. वर्लेन भिंतीशी उभी होती, हसली नाही.

मग पलीकडचा वर्ग आला. कासव म्हणालं, "मी रस्त्यात दिसले तर मला उचलून, माझं तोंड ज्या बाजूला असेल त्या बाजूला नेऊन ठेवा. हे मला माझ्या आईने शिकवलं." सूर्यफुलाने मामाचं नाव घेतलं. मामा उठून उभे राहिले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शर्टाची कॉलर नीट केली.

टिली तपकिरी घोंगडी पांघरून आली. हातात माझं ढेकूळ.

"मी हार्नी पोयटा. सुकी असले की पिठासारखी लागते. ओली करून दाबलं की फीत निघते आणि लगेच मोडते. काय समजलात?"

जिमभर हशा झाला. डेलबर्टने मला कोपराने ढोसलं. 'काय समजलात' हे माझं आहे हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. तिने तिन्ही थर सांगितले, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी खुर्चीच्या टोकाशी सरकलो, उठून उभं राहायला.

"हे मला माझ्या ओमाने शिकवलं," टिली म्हणाली. "मिसेस लायकर. पलीकडच्या वर्गातल्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वर्लेनने तोंडावर हात घेतला आणि तिचे डोळे भरून आले. मिस कुचेरा सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या. सांगितलं कुणी? मीच. हात दाखवून अवलक्षण! पण छातीत जे टोचलं ते टोचलंच. ढेकूळ माझं, पहार माझी, 'काय समजलात'सुद्धा माझं, आणि मान डोलावून अभिनंदन घेतंय कोण, तर जिने उभ्या जन्मात मातीचा बूट उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही ती.

नंतर चिली आणि सिनॅमन रोल होते. लोक वर्लेनला विचारत होते, मातीतलं तुला इतकं कसं गं कळतं. "असतं एकेकाचं," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. एवढ्यात मिस कुचेरा वाटी घेऊन आली.

"मिसेस लायकर, खरं सांगू? मी तुमच्यावर कावलेले. वर्गात मी काहीही शिकवलं की टिलीचा हात वर. 'माझी ओमा म्हणते.' नदीची वाकडी रेघ तर मला आता पाठ झालीय. मला वाटायचं, ही मला कधी शिक्षिका मानणार की नाही?"

वर्लेनने हातातली थाळी खाली ठेवली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी मेडोलार्कचं जाकीट तुमच्या वर्गाला. तो तुमचाही आहे म्हणे." आणि लगेच, "सिनॅमन रोल मात्र आमचाच."

मी मध्येच हसत हसत, गंमतीत विचारावं तसं विचारलं, "आणि ओपाचं काही सांगते का हो टिली?"

मिस कुचेराने कपाळाला आठी घालून आठवायचा प्रयत्न केला. बिचारीने मनापासून केला. "ओपा… हां! तुमच्याकडे हिरवा ट्रॅक्टर आहे ना?"

घरी जाताना ट्रक मी चालवत होतो, नजर समोर रस्त्यावर. कापलेल्या ज्वारीची रानं दोन्हीकडे पांढरी पडली होती. वर्लेन मांडीवर ते पिवळं जाकीट घेऊन बसली होती आणि एकेक पिन काढून ओठात धरत होती. शेवटची काढून झाली तेव्हा तिने पिना डबीत टाकल्या, माझ्याकडे वळली आणि नाक वर करून हुंगलं.

"लिॲंडर," ती म्हणाली, "काहीतरी जळतंय का रे?"

बाहेर जानेवारीचा वारा हाडं फोडत होता. मी माझ्या बाजूची काच खाली केली.