अर्धा सूर खाली

मित्रांनो, मी लंडनमधला एक जुना पियानो आहे. माझ्या पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत, पण त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

याच शहरातल्या कारखान्यात मी घडलो. दुसरे महायुद्ध संपल्यावर प्रोफेसर सेवेरिन ओसोव्स्की यांनी मला घरी आणले. पोलंडमध्ये, वॉर्सात त्यांच्या मैफलींना सभागृहे भरत. देश सोडावा लागला आणि ते इथे भाड्याच्या खोलीत पोलिश मुलांना शिकवू लागले. त्यांची बोटे फिरली की मी धन्य होई.

पण त्या घरात कायमचे असे काहीच नव्हते. सामानसुद्धा पेट्यांतच. माझ्या तारा सैलावल्या, तेव्हा त्यांची बहीण इरेना म्हणाली, "अरे, सूर लावणाऱ्याला बोलाव की!"

"कशाला ताई? वसंतात आपण घरी परतणार. इथल्या लाकडाचे लाड कशाला?"

"गेल्या वसंतातही हेच म्हणालास. बस मग त्या सामानाच्या पेटीवर, बीटचं सार भुरकत!"

असे कितीतरी वसंत गेले. एखादी तार फारच बेसूर झाली, की प्रोफेसर ती स्वतः पिळून बाकीच्यांशी जुळवून घेत. मी सगळाच खाली उतरत होतो, त्याकडे मात्र त्यांनी कानाडोळा केला.

बोग्ना ही त्यांची लाडकी शिष्या पहिल्यापासून माझ्यावरच शिकली. डोळे मिटून ती कुठलाही सूर नावानिशी ओळखे. संगीत विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला ती हसत गेली आणि रडत परतली.

"काय झालं गं?"

"परीक्षक बाईंनी सूर वाजवले, मी नावं सांगितली. एकूण एक चुकलं, प्रोफेसर! दर वेळी शेजारचीच पट्टी. म्हणाल्या, तुला कानच नाहीत. पुढे वाजवूही दिलं नाही."

प्रोफेसरांचा चेहरा पांढराफटक पडला. मी अर्धा सूर खाली उतरलो होतो, आणि पोरीने मलाच प्रमाण मानले होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"कान तुझे खरेच आहेत, बाळ. खोटा मी," ते म्हणाले. मग त्या एवढ्याशा मुलीसमोर वाकून त्यांनी तिच्या हाताचे चुंबन घेतले, एखाद्या थोर बाईचे घ्यावे तसे.

दुसऱ्याच दिवशी माझे सूर लागले. बोग्ना मात्र परत आली नाही.

मित्रांनो, गावी परतायचे असेल तर खुशाल परता. पण तोवर घरातल्या वस्तूंची निगा राखा. आम्ही कसेही वाजलो, तरी लहान मुले आम्हालाच खरे मानतात.