कचेरीतली उसनी पगडी

या मित्रांनो, असे जवळ सरका. त्या मोडक्या बाकावरची धूळ झटका आणि बसा. कीर्तनात बुवा उभे राहिले की मागचे श्रोते कसे गुडघ्यागुडघ्याने पुढे येतात, तसे या. कारण माझा आवाज आता फार बारीक झाला आहे. मी तुम्हांला एक कथा सांगते. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी एक जुनी पगडी आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एक कॉलेज आहे, त्याच्या कचेरीमागच्या अडगळीच्या खोलीत मी असते. माझे तलम कापड चंदेरीच्या विणकरांनी विणले. पाटणकर बाजारातल्या एका म्हाताऱ्या पगडीवाल्याने ते पिळून, लाकडी ठोकळ्यावर घेरावर घेर चढवून मला बांधले आणि पुढे शिंदेशाही टोक काढले. गिऱ्हाईक आले की तो बजावत असे, "पगडी धुवायची नाही, उन्हात टाकायची नाही आणि कुणाला उसनी द्यायची नाही." पहिल्या दोन गोष्टी माझ्या धन्याने पाळल्या. तिसरी त्याच्याच्याने पाळवली नाही.

माझे धनी भालचंद्रपंत. कॉलेजात कारकून म्हणून नेमणूक झाली तेव्हा साहेबांपुढे उभे राहण्यासाठी त्यांनी मला विकत घेतले. दर एकादशीला आम्ही राममंदिरात कीर्तनाला जात असू. बुवांचे पाऊल झांजेवर पडले की पंतांची मान डोलायची, आणि त्यांच्याबरोबर मीही डोलायची. उत्तररंगाच्या आख्यानात भक्तावर संकट आले की पंतांचे डोळे भरायचे. देव धावून येणार हे त्यांना ठाऊक असायचे, तरी दर वेळी भरायचे.

कचेरीत त्यांचे काम म्हणजे मुलांना दाखल करून घेणे, हजेरी बघणे, परीक्षेचे अर्ज अलाहाबादच्या विद्यापीठाला धाडणे. पण नेमणुकीत नसलेली कितीतरी कामे ते करीत. भिंड-मुरैन्याकडची मुले लष्करात पहिल्यांदा येत, त्यांना खोली कुठे मिळेल ते सांगत. बोर्डिंगात कुणी तापाने पडले तर शामलाबाई, म्हणजे पंतांच्या पत्नी, घरून काढा पाठवीत. दोन दिवस एखादा मुलगा दिसला नाही की पंत संध्याकाळी त्याच्या दारात उभे. "काय रे, पुस्तकांचा कंटाळा आला की पोटाला मिळालं नाही?" असे विचारीत, आणि बहुधा दुसरेच असे.

आमच्या कॉलेजचा एक कायदा होता. प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे किंवा शिष्यवृत्ती देणाऱ्या सरदारांच्या कमिटीपुढे पगडीवाचून जायचे नाही. बोडके नाही, टोपी नाही. एकदा एक मुलगा टोपी घालून आला. दाराशी दुर्गा चपराशी होता. तो म्हणाला, "टोपी नहीं चलेगी भैया. साहब के सामने पगडी चाहिए." मुलगा मागे फिरला. पंत उठले, मला डोक्यावरून उतरवले आणि त्या मुलाच्या डोक्यावर ठेवले.

शेजारच्या मेजावरचे माधवराव कारकून म्हणाले, "पंत, भर कचेरीत पगडी उतरवलीत? लोक म्हणतील दिवाळं निघालं."

"दिवाळं निघायला आधी दुकान असावं लागतं, माधवराव," पंत म्हणाले.

त्या दिवसापासून मी सगळ्यांची झाले. लहान डोके आले की पंत आत जुने टीपकागद कोंबीत. मोठे आले की मी कशीबशी वर बसून राही. एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात येत नसे. मुलगा मला घालून आत गेला की पंतांना आत जाता येत नसे, कारण पगडी एकच. ते बोडक्याने दाराच्या पडद्याबाहेर उभे राहून ऐकत. पास होऊन गेलेली मुले पुढे मास्तर झाली, वकील झाली. पेढे घेऊन आली की आधी पंतांच्या पाया पडत आणि मग मला हात लावून नमस्कार करीत. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग महिपत आला. तो 'शिंदे की छावनी' या वस्तीतला. वडील पलटणीत शिपाई. त्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा तोच पहिला. वडील आजारी पडले आणि पुढची दोन वर्षे शिकायचे तर शिष्यवृत्तीवाचून दुसरा मार्ग उरला नाही. पंत त्याला रोज समोर बसवून तयारी करून घेत.

"सरदारसाहेबांनी विचारलं, पुढे काय करणार, तर काय सांगशील?"

"कॉलेजच्या कचेरीत नोकरी करीन."

"अरे, मोठं काही सांग. मुन्सफ होईन म्हण."

"नको. तुम्ही करता तेच करीन. मग पोरगा आत गेला की आपल्यातला एक जण त्याच्याबरोबर आत जाईल."

पंत हसले. "त्याला दोन पगड्या लागतील."

"माझी मी आणीन की," महिपत म्हणाला.

कमिटी दोन दिवसांवर आली आणि महिपतचे वडील वारले. त्याने डोईचे केस उतरवले. घरात सुतक आले. सुतकातल्या माणसाने पगडी घालायची नाही आणि चारचौघांत मिसळायचे नाही. आणि कमिटीपुढे तर पगडीवाचून पाऊल टाकायचे नाही. मला घालून पंत साहेबांकडे गेले आणि सभा पुढे ढकला म्हणून हात जोडले. साहेब म्हणाले, "कमिटीचे प्रमुख सरदार विश्वासराव आहेत. त्यांच्या घरी मुलीचं लग्न. ते येतायत हेच खूप. तारीख बदलणार नाही."

त्या दिवशी एकादशी होती. कीर्तनात बुवांनी एका दरिद्री भक्ताचे आख्यान लावले. तो फाटक्या वस्त्रानिशी राजाच्या दारी जातो, द्वारपाल हसतात, आणि राजा स्वतः अनवाणी धावत बाहेर येतो. पंत मान डोलवायचे विसरले. घरी परतताना त्यांनी मला डोक्यावर दोन्ही हातांनी घट्ट धरले होते.

सभेच्या दिवशी महिपत कचेरीच्या मागच्या दाराने आला. पंतांनी मला पुढे केले तेव्हा तो मागे सरला.

"पंत, सुतक आहे. पगडी विटाळेल."

"पगडी माझी आहे. तिचं काय करायचं ते मी आणि देव बघू. तू आत जा. कुणी विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर उगाच बोलू नकोस."

मी त्या तुळतुळीत डोक्यावर बसले. ते तापल्यासारखे गरम होते. आत त्याने वाकून मुजरा केला, प्रश्नांची उत्तरे दिली, चांगली दिली. सरदारसाहेब मान हलवत होते. मग त्यांची नजर त्याच्या कानामागे गेली.

"घरी कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारले.

"आबा," महिपत म्हणाला.

कोणी ओरडले नाही. सरदारसाहेब उठून भिंतीला लागले. "माझ्या घरी हळद लागलीय रे बाळा," ते म्हणाले. "बाहेर हो." महिपत बाहेर आला. पंतांकडे न बघता त्याने मला त्यांच्या मेजावर ठेवले आणि तो चालू लागला. पंत पडद्याशीच खिळले होते, कारण आतले बोलणे अजून संपले नव्हते.

"आता स्नानावाचून इथे बसणं नाही," सरदारसाहेब म्हणत होते. "सभा बारा दिवसांनी घेऊ. त्या मुलाचं नाव यादीतून काढू नका. सुतक फिटल्यावर येऊ दे, त्याचा काय दोष? पण ज्यानं त्याला आत पाठवलं, त्याचं काय करायचं ते साहेबांनी बघावं."

कचेरीची मुख्य जागा पंतांना मिळायची होती, ती गेली. पंतांना त्याचे काहीच वाटले नाही. "ऐकलंत ना माधवराव? पोराचं नाव आहे. सभा पुढे गेली!" ते तसेच छावनीकडे निघाले होते.

माधवरावांनी त्यांचा हात धरला. "कुठे निघालात? बाप जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि तुम्ही आनंदाची बातमी घेऊन सुतकाच्या घरात जाणार? त्या माउलीला काय वाटेल? एकदा रीत मोडलीत, त्याचं फळ बघितलंत. तेरावा होऊ द्या."

घरी शामलाबाईंनीही तेच सांगितले. पंत घुटमळले, आणि बसले. मित्रांनो, माझा धनी निष्ठुर नव्हता. दुःखाच्या घरात गोड बातमी नेऊ नये, ही त्याची माया होती. त्या मायेनेच तो घरी बसला.

शामलाबाईंनी माझ्यावर गंगाजल शिंपडले. तेरावा झाल्याच्या दुसऱ्या सकाळी पंत मला स्वच्छ फडक्यात बांधून छावनीत गेले. महिपतची आई, विजयाबाई, दारातच बसली होती.

"महिपत कुठाय? त्याला म्हणावं चल, उद्या सभा आहे. नाव आहे त्याचं."

"तो तर बारावा उरकून परवाच निघून गेला, पंतजी. पलटणीतून माणूस आला होता. बाप गेला तर पोराला जागा देतात. लढाई लागली आहे, माणसं पाहिजेत त्यांना."

"कुठे गेला?"

"मुंबईला. मग जहाजात बसवणार म्हणे. पुढचं मला काय मालूम."

"तुम्ही थांबवलं नाहीत?"

"कशाच्या भरोशावर थांबवू? तो म्हणाला, आई, कॉलेजचं दार बंद झालं. दहा दिवस ओट्यावर बसून तुमची वाट बघत होता. पंत येतील म्हणायचा. मग म्हणायचा बंद झाला."

"मी येणार होतो," पंत म्हणाले. "पण सुतक होतं. अशा घरी अशी बातमी..."

"सुतकात मिठाई येत नाही, पंतजी," ती म्हणाली. "माणसं तर येतात."

पंत तिथून पलटणीच्या कचेरीत गेले. एकदा भरती झालेल्या शिपायाला सोडत नाहीत, एवढेच तिथे कळले. दुसऱ्या दिवशी कमिटी बसली आणि ती शिष्यवृत्ती दुसऱ्या एका मुलाला मिळाली. पुढच्या वर्षी बातमी आली. महिपत समुद्रापार कुठल्याशा छावणीत तापाने गेला. बंदूक चालवायची वेळही त्याच्यावर आली नव्हती.

त्यानंतर पंतांखेरीज मला कोणी घातले नाही. "ती सुतकाची पगडी," मुले कुजबुजत. पंत कामावर येत राहिले, अर्ज लिहून देत राहिले. पण कुणाच्या दारात संध्याकाळी जाऊन उभे राहिले नाहीत. कीर्तनाला जात, मागे खांबाला टेकून बसत, आणि देव भक्तासाठी धावत निघाला की उठून घरी येत. नोकरी संपली त्या दिवशी त्यांनी मला कचेरीतल्या खुंटीवरच ठेवले. नंतर ते गेल्याचे दुर्गाच्या बोलण्यातून मला कळले. पुढे कोणीतरी मला या खोलीत टाकले. कसरीने माझे टोक खाल्ले आहे. चंदेरीची जरतार काळी पडली आहे.

आता पगडीचा कायदाही उरला नाही. तरी भिंतीपलीकडून मला ऐकू येते. "तारीख गेली." "हजेरी कमी आहे." "उद्या या." मुले येतात आणि मागे फिरतात. उठून त्यांच्यामागे जाणारे पाऊल मी या सगळ्या वर्षांत ऐकले नाही. ऐकेन असेही आता वाटत नाही.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, माझी धूळ झाडा, असे मी मागत नाही. माझे दिवस संपले. पण तुमच्या हातात कुणाच्या उपयोगाची बातमी आली, तर वेळ बरी की वाईट हे बघत बसू नका. तशाच पायी निघा. आणि कधी देवळात कीर्तन संपले, आरती झाली, हात जोडलेले असले, तर ओट्यावर वाट बघत बसलेल्या महिपतची आठवण काढा. पंतांचीही काढलीत तर मला बरे वाटेल. पण आधी महिपतची काढा. पंतांनी तुम्हांला हेच सांगितले असते.