परक्या सरकारचं पदक

मोजणी अधिकाऱ्यांनी ते पदक मोज्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलं, त्याला दीड महिना झाला होता. नदीच्या हद्दीची दोन्ही देशांनी मिळून केलेली मोजणी संपली, तेव्हा पलीकडच्या मंत्र्यांनी भर समारंभात ते त्यांच्या कोटाला लावलं होतं. टाळ्यांच्या कडकडाटात नको म्हणायला तोंडच उघडलं नाही. परक्या सरकारचा सन्मान परवानगीशिवाय घ्यायचा नाही, नाइलाजाने घ्यावा लागला तर परतल्याबरोबर जमा करायचा, हा नियम त्यांना पाठ होता. पण नव्या रेषेने एक बेट पलीकडे गेलं होतं. पदक पाहून लोक काय म्हणतील, या धास्तीने ते आज-उद्या करत राहिले.

सोमवारी दक्षता विभागाचा फोन आला. "उद्या अकराला या. पदक घेऊन." समारंभाचा फोटो तिथवर पोचला होता.



"नाल्यात फेकतो," ते बायकोला म्हणाले. "मिळालंच नाही म्हणतो."

"आणि फोटोत छातीवर काय झुरळ बसलंय?" ती म्हणाली. "अहो, फेकलंत तर खरंच चोर ठराल. देऊन या."

दक्षता विभागातल्या बाईंनी पदक उलटसुलट करून पाहिलं. "कळवलं का नाहीत?"

"भ्यालो. बेट विकलं म्हणतील म्हणून."

"विकलंत?"

"नाही हो, बाई! नदीनेच पात्र बदललंय."

"मग मोजणी पुन्हा होईल. तोवर घरी बसा."

तीन महिने ते जिन्यावरच्या प्रत्येक पावलाला दचकत होते. पलीकडच्यांनी केवढा पाहुणचार केला होता! नकळत आपला हात तिकडे झुकला तर नसेल? स्वतःच्याच आकड्यांची त्यांना भीती वाटू लागली.

दुसऱ्या पथकाची रेषा हातभरही हलली नाही. पदक सरकारजमा झालं, सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली आणि हद्दीचं काम कायमचं गेलं. पत्र दोनदा वाचूनही ते जिन्याकडे कान लावून बसले.

"सुटलात की! आता कसली भीती?" बायकोने विचारलं.

"रेषा चुकली असती तर? तुझ्याशिवाय कुणी विश्वास ठेवला असता?"

ती त्यांच्या शेजारी टेकली. "खरं सांगू? मीसुद्धा दोनदा तुमच्या बॅगा उपसून पाहिल्या होत्या."