टिटवीची सावली

"शैला, खाली बस! फोटोत येतीयेस!" श्रीधर दबक्या आवाजात खेकसला.

शैला बसली नाही. मे संपत आला होता. नाथसागराचं पाणी पार मागं हटलं होतं आणि उघड्या पडलेल्या त्या रणरणत्या काठावर एका टिटवीनं खड्यांत चार अंडी घातली होती. अंड्यांपासून दहा हातांवर शैलाचा नवरा आणि त्याच्या पक्षीमित्र ग्रुपमधला वरद, दोघंही पालथे पडून कॅमेरे रोखून होते. अशा उन्हात टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर ओली सावली धरते. नेमका तोच फोटो यांना हवा होता. आणि हेच इतके जवळ, तर ती बिचारी येणार कशी? नुसती डोक्यावर घिरट्या घालून आकांत करत होती.

"अहो, अंडी तापतायत. उठा आता, लांबून काढा."

"पाचच मिनिटं."

"काकू, येतीय की ती. जरा सबर करा ना," वरद म्हणाला.

पाचच मिनिटं! शैलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळा संसार तिनं या दोन शब्दांवर काढला होता. पुंडलिकनगरच्या घरात वाढलेली ताटं गार व्हायची, दारात आलेली रिक्षा निघून जायची, आणि यांचं आपलं पाचच मिनिटं. पैठणला तिचे वडील शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हासुद्धा स्वारी स्कूटर घेऊन क्रांती चौकात गप्पा छाटत उभी होती. ती पोचली तेव्हा वडिलांचा चेहरा झाकलेला होता. चार माणसांत तमाशा नको म्हणून तिनं तेव्हा गिळलं. पुढंही गिळतच राहिली. बाईनं गिळायचं तरी किती?

तिनं वाकून जमिनीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. चांगलाच चटका बसला.

"तव्यावर ठेवलीत हो तिची पोरं!" ती ओरडली. "ऊठ! ऊठ म्हणते ना!"

नवऱ्याला जन्मात कधी अरे-तुरे केलं नव्हतं तिनं. श्रीधरनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला.

"वेड लागलं का तुला?"

"हो, लागलं!"

ती ताडताड गाडीकडं गेली. गाडी तीच चालवायची, साहेबांच्या मांडीवर कॅमेरा असायचा ना! तिनं गाडी सुरू केली आणि सरळ निघाली.

"शैला! अगं, पाणी गाडीत आहे!"

आरशात तिला दोघंही स्टँड खांद्यावर टाकून धडपडत येताना दिसले. येऊ देत. काठापासून बऱ्यापैकी लांब, चढावर तिनं गाडी थांबवली, दारं आतून बंद केली आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

बराच वेळ काहीच हललं नाही. मग टिटवी आली. पोटाखालून पाणी ठिबकत होतं. तिनं चोचीनं एक अंडं जरासं सरकवलं आणि वर उभी राहिली.

श्रीधर काचेवर थापा मारत होता. तोंड लालबुंद झालेलं. "दार उघड! मारतेस का मला उन्हात?"

शैलानं काच थोडी खाली केली, बाटली बाहेर दिली आणि काच पुन्हा वर घेतली.

अंड्यांत जीव उरला होता की नाही, ते इथून दिसत नव्हतं. जवळ जाऊन बघायची सोयही नव्हती. टिटवी मात्र हलली नाही. पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून ती भर उन्हात अंड्यांवर तशीच उभी राहिली.