चावीवाल्याचा माऊस

मी एक जुना माऊस आहे. संगणकाचा, वायरवाला, म्हणजे खरीखुरी शेपटी असलेला. माझ्या पाठीवरचा काळा रंग एका जागी उडून पांढुरका झाला आहे, कारण तिथे वर्षानुवर्षं एकाच माणसाचा तळहात टेकायचा. तो तळहात एका चावीवाल्याचा होता. घरात त्यांना बाबा म्हणायचे, म्हणून मीही बाबाच म्हणतो.

मित्रांनो, आपली गोष्ट जन्मापासून सांगायची पद्धत आहे. मी मात्र एका रविवारपासून सुरुवात करतो, कारण तो आमचा शेवटचा नेहमीसारखा दिवस होता.

त्या दुपारी बाबा जेवून टेबलाशी आले. सदऱ्याच्या टोकानं त्यांनी मला पुसलं, चष्मा लावला आणि फोन स्पीकरवर टाकून माझ्या शेजारी ठेवला. पलीकडे त्यांची मुलगी होती. ती दुसऱ्या शहरात नोकरी करायची. चांगली मोठी बाई, पण बाबा तिला ठकूच म्हणायचे.

"ठकू, कोड आलाय का बघ."

"आलाय. बाबा, कितीदा सांगितलं, त्या चौकटीत टिक करा. मग परत परत नाही विचारणार तो."

"करतो पुढच्या वेळी. आधी नियमाप्रमाणे विचार."

ठकूनं उसासा टाकला. "दार उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसेल?"

"खुंटीला निळी छत्री. तुझी. मागच्या खेपेला विसरून गेलीस."

"माझी नाहीये ती."

"मग दांड्याला दोरा कोणी गुंडाळलाय? मी?"

"आईनं गुंडाळला असेल."

"माझ्यावर ढकलू नकोस गं!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

हसत हसत ठकूनं कोड सांगितला आणि म्हणाली, "ठेवू का आता? कामं पडलीत." बाबा म्हणाले, "ठेव, ठेव." मग ते उठले, दाराजवळ गेले आणि त्यांनी फोननं त्या छत्रीचा फोटो काढला. "पुढच्या रविवारी पुरावाच दाखवतो तिला," ते आईला म्हणाले. फोटो त्यांनी संगणकात घेतला, मी तो उचलून 'घर' नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकला. फोटो नीट पोचल्याची हिरवी खूण उमटेपर्यंत बाबा थांबले. मग नेहमीप्रमाणे लॉग आउट केलं, माझ्यावर फडकं टाकलं आणि म्हणाले, "चला."

त्यानंतर तो हात माझ्यावर आला नाही. त्याच आठवड्यात एका सकाळी दुकानाचं शटर वर करताना बाबा खाली बसले, ते उठलेच नाहीत.

आता मागे जातो. माझा जन्म एका कारखान्यात झाला. आम्ही हजारो भावंडं एकसारखी. कोण कुणाच्या वाट्याला येईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी आलो चावीच्या दुकानात. तिथे चाव्या घासायचं मशीन दिवसभर करकरत असे आणि पितळेचा बारीक भुसा उडे. तो माझ्या चाकात शिरायचा आणि मी अडखळायचो. दुसरं कुणी असतं तर मला केव्हाच कचऱ्यात टाकलं असतं. बाबा माझं पोट उघडायचे, मऊ ब्रशनं झाडायचे आणि पुन्हा स्क्रू आवळायचे. "झालं, पळ," म्हणायचे. मी पळायचो.

तो प्रश्न मी तिथेच शिकलो. दाराला कुलूप लागलं, चावी आत राहिली, असं सांगत लोक यायचे. बाबा हत्यारांची पिशवी उचलायचे, पण दारापाशी पोचल्यावर आधी विचारायचे, "उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसेल?" घर ज्याचं असेल तो पटकन सांगायचा. चपलांचा ढीग. मोडकी खुर्ची. सासऱ्यांचा रागावलेला फोटो. जो चाचरला, त्याचं दार बाबा उघडत नसत. एकदा एक मनुष्य "सोफा" असं म्हणाला. बाबा म्हणाले, "सोफा सगळ्यांच्याच घरी असतो. दुसरं काहीतरी सांगा." मनुष्य घाईचं काम आठवून निघून गेला.

पुढे दुकानात नवा संगणक आला आणि जुना संगणक व मी, अशी आमची जोडी घरी, खिडकीजवळच्या टेबलावर आली. मला वाटलं, आता आराम. पण एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडानं नळ उघडा ठेवला आणि आमच्या कपाटात रात्रभर पाणी झिरपलं. फोटोंचे अल्बम तिथेच होते. पानं एकमेकांना चिकटली. आईनं हलक्या हातानं ती सोडवली, दोरी बांधून फोटो वाळत घातले; पण काहींवरचे चेहरे निघूनच गेले होते. बरे राहिले ते बाबांनी एकेक करून स्कॅन केले. प्रत्येक फोटोचा कडेचा भाग मी कापला, प्रत्येकाला नाव देताना मी तिथे होतो. दुकान उघडलं त्या दिवशीचा फोटो त्यात होता. शटरखाली तरुण बाबा, त्यांच्या खांद्यावर दोन वेण्यांची ठकू, आणि बाजूला पदर सावरत हसणारी आई. ओल धरलेल्या मूळ कागदाचा पुढे लगदाच झाला. उरली ती आमच्याकडची प्रत.

"आता काळजी नाही," बाबांनी सुट्टीत आलेल्या ठकूला सांगितलं. "सगळ्याची दुसरी प्रतही काढून ठेवली आहे."

"कुठे?"

"इथेच. याच संगणकात, दुसऱ्या फोल्डरमध्ये."

ठकू म्हणाली, "बाबा, गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगता? जादा चावी कुठे ठेवावी?"

"दुसऱ्याच्या घरी. विश्वासाच्या माणसाकडे."

"आणि तुम्ही दोन्ही चाव्या एकाच खिशात ठेवल्यात."

बाबा खुर्ची तिच्याकडे सरकवून म्हणाले, "पटलं. दाखव."

त्या संध्याकाळी ठकूनं त्यांना ऑनलाइन जागा घेऊन दिली. म्हणजे काय, तर आपल्या फायलींची एक प्रत दूरवरच्या संगणकांवर राहते. आपलं घर भिजलं, चोरी झाली, यंत्र मोडलं, तरी ती तिथे असते. पासवर्ड बाबांनी स्वतःच ठरवला आणि कुणालाही सांगितला नाही, ठकूलासुद्धा नाही. शिवाय आत जाताना दर वेळी फोनवर एक कोड येणार होता. बाबांचा फोन तेव्हा चार्जिंगला लावलेला होता, म्हणून ठकूनं तात्पुरता स्वतःचा नंबर दिला.

तो तात्पुरता नंबर कायमचा राहिला. बाबा पक्के चावीवाले. काम संपलं की लॉग आउट करणारच. "दार उघडं टाकून कोणी जातं का?" त्यामुळे दर रविवारी नवा कोड, आणि कोड ठकूच्या फोनवर. "कोड असा कुणालाही द्यायचा नसतो. आधी मी मीच आहे याची खात्री करून घे," असं म्हणून त्यांनीच तिला तो प्रश्न विचारायला लावला. मग काय, दर रविवारी तिला दारातून घर दिसू लागलं. आईनं लावलेला पडदा. शेजारच्या मांजरीनं पायपुसण्यावर काढलेली झोप. रंग दिलेली भिंत. ठकू कुरकुरायची, पण प्रश्न विचारायची.

मित्रांनो, एक गोष्ट फक्त मलाच ठाऊक आहे, असं मला वाटायचं. कोड भरायच्या जागेखालीच एक लहान चौकट होती: 'या संगणकावर पुन्हा कोड विचारू नका.' बाबा दर रविवारी माझा बाण तिथवर नेत. तिथे क्षणभर थांबत. मग मला हळूच मागे घेत.

बाबा गेल्यावर बरेच दिवस मी फडक्याखाली होतो. मग ठकूनं संगणक लावून पाहिला. तो नुसताच घरघरला. दुरुस्तीवाला म्हणाला, "डिस्क गेली. यातलं आता काही मिळायचं नाही." आईनं एवढंच विचारलं, "दुकानाचा फोटोही गेला का गं?"

ठकूनं स्वतःचा लॅपटॉप टेबलावर ठेवला. आई म्हणाली, "माऊस त्यांचाच लाव." माझी शेपटी नव्या यंत्रात बसली. कितीतरी दिवसांनी माझ्यावर हात आला. बाबांच्या हातापेक्षा लहान, आणि गार.

पासवर्ड तिला ठाऊक नव्हता. तिनं दोनदा अंदाज केला, दोन्ही चुकले. तिसऱ्यांदा धीर झाला नाही. मग तिला 'पासवर्ड विसरलात?' ही ओळ दिसली. तिनं मला दाबलं, आणि तिच्याच फोनवर टिंग झालं.

खाली ती चौकट होती. ठकू तिच्याकडे बघत राहिली. "आई, बाबांना दिसली नाही का गं ही कधी?"

"न दिसायला काय झालं?" आई म्हणाली. "तिथे खूण केली असती, तर रविवारी करायचं काय त्यांनी?"

मित्रांनो, तुमच्याही घरात असे फोटो, अशी पत्रं, असे आवाज असतील. त्यांची एक प्रत दुसरीकडे ठेवा, आणि ती उघडते ना, हे अधूनमधून पाहा. कोड अनोळखी माणसाला देऊ नका. पण तुमच्यामागे ते दार उघडू शकेल असं एक तरी माणूस असू द्या. आणि हो, जुन्या माऊसच्या पोटातला भुसा अधूनमधून झाडत जा.

ठकूनं चौकट रिकामीच ठेवली. मग सवयीनं, अगदी नेहमीच्या आवाजात, ती म्हणाली, "दार उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसेल?"

तिनं कोडचा एकेक आकडा मोठ्यानं वाचला, जसा ती फोनवर वाचायची, तो भरला आणि नवा पासवर्ड ठरवला. 'घर' उघडलं. सगळे फोटो जागच्या जागी होते. दोन वेण्यांच्या ठकूसकट दुकानाचाही होता. आईनं पुढे वाकून पडद्यावर बोट टेकलं. पण सर्वांत नवा फोटो सर्वांत वर होता. खुंटीला निळी छत्री, दांड्याला दोरा.

ठकूचा हात माझ्यावर तसाच राहिला. आता तो गार नव्हता.

"छत्री माझीच आहे, बाबा," ती म्हणाली. "आणि रविवारी दुपारी मी फोन हातात घेऊनच बसायचे."